हत्यार न उचलणाऱ्या रणदेवता

आयर्लंडच्या जुन्या कथांत युद्धदेवता तीन-चार नावांनी वावरतात: मॉरीगन, बाद्व, माखा, नेमन. कोण कुणाची बहीण, हे कथेगणिक बदलतं. तो हिशेब जुळवायला बसू नये. बाद्वचा पक्षी म्हणजे तिकडचा हूडेड क्रो. आपल्या गावकावळ्याची राखी मान पोटापाठीपर्यंत उतरली तर जसा दिसेल, तसा. त्याच्या जोडीला थोराड, सबंध काळा रेव्हन. लढाई सरली की दोघेही प्रेतांवर उतरायचे. त्यांच्या पावित्र्याचं मूळ या किळसवाण्या गोष्टीत आहे. एका जुन्या आयरिश कोशात तर रणात पडलेली मुंडकी म्हणजे माखाची फळं, ओकखाली डुकरांसाठी सडा पडतो तशी.

गंमत अशी, की या देवता हत्यार क्वचितच उचलतात. त्यांचा मारा आवाजाचा. ‘तॉइन बो कूलन्या’ या महाकथेत कॉनख्तची राणी मेव्ह एका बैलासाठी अल्स्टरवर चालून येते. मॉरीगन पक्षी होऊन दगडावर बसते आणि सावध करते ते थेट त्या बैलालाच! पुढे नेमन मेव्हच्या छावणीत कल्लोळ माजवते, तेव्हा शंभर लढवय्ये नुसत्या धास्तीने मरतात.

सगळ्यांत गाजलेला प्रसंग अल्स्टरचा वीर कूखुलिनच्या मृत्यूचा. बाराव्या शतकातल्या ‘लिन्स्टरच्या ग्रंथा’त तो आहे. आदल्या रात्री मॉरीगनने त्याचा रथ मोडून ठेवलेला असतो, कारण त्याने लढाईला जाऊ नये असं तिला वाटतं. तो जातोच. भाल्याने पोट फाटतं, तेव्हा आतडी सावरत तळ्यावर पाणी पितो आणि बसून किंवा आडवं पडून मरायचं नाही म्हणून कमरपट्ट्याने स्वतःला उभ्या शिळेला बांधून घेतो. वैरी जवळ यायला धजत नाहीत. मग खांद्यावर पक्षी उतरतात. त्या शिळेवर एरवी पाखरं बसत नाहीत, असं एक जण म्हणतो आणि सगळे ओळखतात: संपला. लाउथ परगण्यातली क्लोखाफारमोर शिळा लोक आजही त्याचीच मानतात. मात्र त्या पक्ष्यांतला एक म्हणजे खुद्द मॉरीगन, असं या जुन्या प्रसंगात म्हटलेलं नाही. मला तो संदिग्धपणाच जास्त आवडतो. तिने त्याला वाचवायलाही पाहिलं होतं, हे लोक सोयीस्कर विसरतात.

ही श्रद्धा एकट्या आयर्लंडची नसावी. फ्रान्सच्या ओत-साव्हॉय भागातल्या एका रोमनकालीन शिलालेखातलं देवीचं नाव अभ्यासक ‘काथुबोदुआ’, म्हणजे रणकावळी, असं वाचतात. पहिलं अक्षर मात्र नाहीसं झालंय. १०१४ च्या क्लॉनटार्फच्या लढाईचं आयरिश वर्णनही बाद्वच्या किंकाळ्यांवाचून पुरं होत नाही. आग्नेय आयर्लंडमध्ये घरातला मृत्यू रडून कळवणाऱ्या बॅन्शीला अगदी अलीकडेपर्यंत बाद्वच म्हणत. रण सुटलं, आवाज राहिला.

पुढे हा पक्षी राजकारणात आला तो ऑलिव्हर शेपर्डच्या कांस्यशिल्पातून. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून १९३५ मध्ये ते डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसात बसवलं गेलं: शिळेला बांधलेला कूखुलिन, खांद्यावर कावळा. पुढे बेलफास्टच्या ब्रिटननिष्ठांनीही अल्स्टरचा रक्षक म्हणून हाच कूखुलिन आपल्या भिंतींवर रंगवला.