भिंतीवरचा पाटकरी (लेखांक ९)

मागच्या भागात फायबरची तार विजेच्या खांबावरून घरात आणून सोडली होती. आज ती ज्या डब्यात शिरते, तो डबा उघडायचा. स्क्रू-ड्रायव्हर नको, मोबाइलमधला ब्राउझर पुरे.

पांझरेकाठच्या धुळेकरांना फड समजावून सांगायला नको. बंधाऱ्याचं पाणी पाटात येतं आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतांना देतो. हा डबा म्हणजे राउटर, घरातला पाटकरी. बाहेरून एकच जोडणी येते. टीव्ही, मोबाइल, दुकानातला कॅमेरा या प्रत्येकाला तो एकेक नंबर देतो आणि ज्याचं त्याला पोचवतो.

या पाटकऱ्याशी बोलायचं तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.१.१ टाकायचं. (छापलेत मराठी आकडे, टाइप करा इंग्रजी.) काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर बघा. खासगी जाळ्यांसाठी हे आकडे राखून ठेवलेले आहेत, म्हणून जळगावात आणि शिरपुरात एकच पत्ता चालतो. माजघर म्हटलं की ज्याचं त्याचं माजघर, तसंच हे. पान इंटरनेटवर नसतंच, डब्यातच असतं. नेट बंद असलं तरी उघडतं. मोबाइलवर उघडेना, तर मोबाइल डेटा बंद करून वायफाय तेवढं चालू ठेवा. ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना आली, तर आधी आपण आपल्याच वायफायवर आहोत ना, ते बघा. असू, तर घाबरू नका. स्वतःच्या घरातल्या डब्याकडे बाहेरच्या कुणी दिलेलं ओळखपत्र बहुधा नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता पान नाव आणि पासवर्ड विचारतं, आणि इथे निम्मे लोक वायफायचा पासवर्ड टाकतात. तो नव्हे. वायफायचा पासवर्ड म्हणजे पाणी घ्यायचा हक्क. हा दुसरा म्हणजे पाटाच्या दाराची चावी. कित्येक घरांत ही चावी अजून ‘ॲडमिन, ॲडमिन’ अशीच लोंबकळते. म्हणजे तुम्ही ज्याला वायफाय दिलं, तो पाहुणा चहा येईपर्यंत तुमचाच पासवर्ड बदलू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने अशाच कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याचं शिरायचं दार वेगळं होतं, किल्ली मात्र हीच. तेव्हा आत गेल्यावर पहिलं काम ही चावी बदलण्याचं. वायफायचं नाव सुंदर करत बसणं नंतर.

आणि ‘वॅन’ (म्हणजे बाहेरून येणारी जोडणी) लिहिलेल्या पानाला हात लावू नका. देवपुरात माझ्या मावसबहिणीकडे काय झालं ते सांगतो. नेट रेंगाळतंय म्हणून भाच्याने डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली आणि दहा सेकंद दाबून धरली. दिवे विझले, परत लागले, त्यातला एक लालच राहिला. बहीण मला म्हणाली, “भाऊ, आते काय करानं?” मी पान उघडलं. ‘वॅन’मधलं जोडणीचं नाव आणि पासवर्ड, दोन्ही रकाने कोरे. भाचा तोंड पाडून म्हणाला, “मामा, मी फक्त रिस्टार्ट करत होतो.” बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणीचं रिसेट वेगळं. रिसेटने डबा कारखान्यातून निघाला तसा होतो, जोडणाऱ्याने भरलेलं सगळं पुसून. काही कंपन्या ते दुरून परत भरतात. इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मुलगा आला, व्हॉट्सॲपवर बघून दोन रकाने भरले आणि पाच मिनिटांत गेला. एवढ्यासाठी दीड दिवस घर ठप्प!

म्हणून काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढा. मेनूत ‘बॅकअप’ सापडलं तर सगळ्या सेटिंगची फाइल उतरवून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबायला विसरू नका. नुसतं पान बंद केलं तर बदल गेला. वायफायचा पासवर्ड बदललात, तर त्यावरच्या सगळ्या यंत्रांची जोडणी तुटेल. बिघाड नव्हे, नवा पासवर्ड प्रत्येकात टाकावा लागतो.

बहिणीने नवी चावी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवली आहे. संगणकवाले नाक मुरडतील. पण ज्याला चोरायची तो बहुधा दूर बसलेला असतो, त्याला आमच्या स्वयंपाकघराची भिंत दिसत नाही. भाच्याला मात्र दिसते, ही अडचण आहेच.

पुढच्या भागात : धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंती आणि पलीकडच्या खोलीत न पोचणारं वायफाय.