ग्रामसभा : निर्णयापूर्वीचा विचार

नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. देऊ केलेला मोबदला शेतकऱ्यांस मान्य नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांस देण्याची योजना आली. जे विचारविनिमयाने मिळावयास हवे होते, त्यासाठी रक्त सांडावे लागले.

गावाचे मत निर्णयापूर्वीच मांडण्याचे साधन म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने आवश्यक आहे. गणपूर्तीस १५ टक्के मतदार अथवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेस मात्र ही अट नसते. मग मूठभरांनी घेतलेला निर्णय साऱ्या गावाचा ठरतो.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेपुढील विषय आळीआळीत आधीच समजावून सांगावेत, महिलांची सभा अगोदर भरवावी आणि झालेले ठराव सर्वांसमक्ष वाचून दाखवावेत. शेतकरी बांधवांनीही, शेतीची कामे असली तरी, सभेसाठी तेवढा वेळ काढावा.