दोन फूट आणि दोन इंच

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात रोगी तपासणाऱ्या डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेगाचे निदान केले, आणि तेव्हापासून सरकारी अंमलदारापासून चाळीतल्या बिऱ्हाडकरूपर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न छळू लागला : हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा? रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्साँ याच्या हाती लागला होता. परंतु त्याची वाट अज्ञात असल्यामुळे कोणी दूषित हवेला दोष दिला, कोणी जमिनीला, कोणी रोग्याच्या सहवासाला, आणि या तर्कांच्या आधारावर घरांची झडती, चीजवस्तूंची होळी व माणसांची सक्तीने छावणीत रवानगी असे जे हुकूम सुटले, त्यांनी लोकांच्या दुःखात अपमानाची भर घातली. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवून माळावर झोपडी बांधावी, एवढे मात्र सामान्य माणसाला अनुभवाने उमगले होते.

माणसाच्या रोगाची प्रतिकृती प्राण्याच्या देहात उभी करून तिच्याकरवी उत्तर मिळविण्याची पद्धती येथे कामी आली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत व तिच्या पडवीत काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगाची लस प्रथम सशांवर पारखली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. सशाने दिलेला कौल माणसाला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही, हे जाणूनच त्यांनी हे धाडस केले असले पाहिजे. पुढच्याच वर्षी कराचीत पोल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने पिसवांनी ग्रासलेला रोगी उंदीर काचेच्या बरणीत ठेवून त्याच्याजवळ जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला; दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी निरोगी उंदीर प्लेगाने मेला. विद्वानांच्या दरबारात ही साक्ष बरीच वर्षे ग्राह्य मानली गेली नाही.

तिची छाननी झाली ती परळला. गव्हर्नरांच्या तेथील जुन्या वाड्यात १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली होती, आणि १९०५ पासून प्लेगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाने त्याच आवारात लहान लहान खोल्या उभारून त्यांत गिनीपिग ठेवले. कॅप्टन लिस्टन यांनी त्याआधीच मुंबईत प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा केल्या होत्या. आता प्रश्न अधिक काटेकोर झाला. हवा तीच, खोली तीच, प्राणी त्याच जातीचा; फरक केवळ उंचीचा. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगाला रोग झाला नाही, आणि दोन इंचांवर टांगलेल्याला तो होऊ शकला, कारण पिसू तेवढी उडी सहज घेते. दूषित हवेचा पक्ष या एका अंतराने निकालात निघाला. एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी बाकी सर्व स्थिर ठेवून एकच अंश बदलावा, हा या विद्येचा प्राण आहे, आणि माणसांच्या वस्तीत असा बंदोबस्त करणे ना शक्य असते, ना न्याय्य.

प्राण्याच्या साक्षीला मर्यादा असतात, हेही याच चौकशीत दिसून आले. मुंबईचे उंदीर साथीमागून साथ सोसून रोगाला काहीसे कणखर झाले होते, तर जेथे प्लेगाने ठाण मांडले नव्हते त्या मद्रासचे उंदीर त्याला चटकन बळी पडत. एका जातीत, नुसत्या गावागणिक, एवढे अंतर पडत असेल तर उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर किती सावधपणे ओलांडावे लागेल! औषध उंदराला मानवले म्हणून रोग्याला देऊन मोकळे होणाऱ्या उतावीळपणाची मला म्हणूनच भीती वाटते. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद त्यात आली, ती मला सर्वथा योग्य वाटते. ज्या मुक्या जिवाची संमती घेता येत नाही, त्याला निष्कारण क्लेश होऊ नयेत, एवढी हमी आपण दिलीच पाहिजे.

परळच्या त्या प्रयोगांतील एक नोंद माझ्या मनातून जात नाही. ज्या खोल्यांत पिसवांना थारा नव्हता, तेथे रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले होते, खोल्या झाडल्याही जात नसत, आणि प्लेग झालेल्या माद्या आपल्या पिलांना पाजत होत्या. त्या पिलांना प्लेग झाला नाही.