किनाऱ्याची चव : बोंडू खाडी ओलांडतो

खवय्यांसाठी सागरी प्रवास म्हटला की परदेशी मासिकांत ठरलेलं चित्र असतं: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला द्राक्षाच्या वेली. आपल्या किनाऱ्यावर ते शोधायला जाऊ नये. द्राक्षाला घड भरताना कोरडी हवा हवी, रात्री थंडावा हवा. दक्षिण कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा दमटच. केवडा आणि भुरीच्या धास्तीनं नाशिकचा बागायतदार घाटावर राहून झोप घालवतो, तो इथे आठवडाभरही टिकणार नाही. गोव्यातल्या बारमध्ये मिळणारी गोड पोर्ट वाइनसुद्धा घाटावरच्या द्राक्षांचीच. या जांभ्या दगडाच्या मुलखानं आपलं पेय काढलं ते काजूच्या बोंडूतून. झाडही इथलं नव्हेच. पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं.

मागच्या भागात आपण मालवणला होतो. तिथून कर्ली खाडी ओलांडून परुळे, म्हापण करत वेंगुर्ल्याला उतरावं. निघायचं मात्र मार्च-एप्रिलमध्ये. मे सरेपर्यंत बोंडू संपत येतो आणि जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताटही उणं आणि पेलाही.

वेंगुर्ला एकेकाळी डचांच्या वखारीचं बंदर होतं. आज त्याचं नाव काजूच्या कलमांवर आहे: इथल्या फळसंशोधन केंद्रातून निघालेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती कोकणभर लागल्या आहेत. इथे ओल्या काजूची उसळ चुकवू नका. हिरव्या बीचा चीक बोटं भाजतो, त्यामुळे सोलणाऱ्या बाईच्या हातांना राख नाहीतर तेल लावलेलं असतं. उसळ महाग का, हे ते हात पाहिले की विचारावं लागत नाही. वाटप ओल्या खोबऱ्याचं, मसाला बेताचा. गराला स्वतःचीच गोडी असते आणि लाल तिखटात ती बुडवणारी खानावळ मी दुसऱ्यांदा गाठत नाही. सोबत बांगड्याचं तिखलं घ्यावं, तिरफळं घातलेलं. तिरफळ जिभेला किंचित बधिर करतं आणि बांगड्याचं तेल त्यामुळे अंगावर येत नाही. सोलकढी शेवटी.

आता बोंडूकडे. वजनानं तो बीच्या सहा-आठ पट, रसाळ आणि घशाला खवखवणारा. झाडावरून पडल्यावर दिवसभरात आंबायला लागतो, त्यामुळे लांबच्या बाजारात पाठवायची सोय नाही. त्याचं करायचं ते तिथेच, त्याच दिवशी. आणि नेमकं इथेच सिंधुदुर्गाचं घोडं अडतं. मोचेमाडपासून शिरोड्यापर्यंत रस्त्याकडेच्या बागांत बी काढून टाकलेल्या बोंडूंचा खच पडलेला दिसतो, आंबूस वास गाडीच्या काचेआडही येतो. काही बोंडू गोव्याकडे जातात, काहींचं सरबत होतं, बाकीचे मातीत. भट्टी लावायची तर १९४९चा दारूबंदी कायदा आड येतो. २०२२ साली मंत्रिमंडळानं बोंडू आणि मोहफुलांच्या दारूला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं, पण अशा निर्णयानं बागेतली घरगुती भट्टी उभी राहत नाही. त्याचा उपयोग कारखाना काढू शकणाऱ्याला.

शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहातली. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. पुढे रेडी, आणि मग तेरेखोल. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला, आणि म्हणून खाडीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात. इथून फेरीबोटीनं पलीकडे केरी. घाई असलेले आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जातात. त्यांना जाऊ द्यावं.

केरीला उतरल्यावर माती तीच, झाडं तीच, कायदा वेगळा. पेडण्याच्या डोंगरउतारांवर हंगामात भट्ट्या पेटलेल्या असतात. इथे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पडलेलाच वेचतात, कारण तोच पुरता पिकलेला. पूर्वी कातळात कोरलेल्या कोळंबीत तो पायांनी तुडवत, आता बहुतेक ठिकाणी यंत्र आलं आहे. चोथ्याचा ढीग करून वर दगडाचं वजन ठेवलं की आपसूक निथळतो तो नीरो. थंड नीरो तिथल्या तिथे प्यावा. गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला एवढंच, आणि तो वाटा काही कमी नाही.

तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आपणहून फसफसतो. बाहेरचं खमीर घालत नाहीत. मग तो तांब्याच्या भाणात चढवतात. वाफ नळीतून लावणीत उतरते आणि बाहेरून पाणी मारून ती थंड करतात. पहिल्या धारेचं ते उर्राक, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचं, म्हणजे वाइनच्या जवळचं. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. उर्राकाला असा मान नाही, कारण ते टिकत नाही. हंगामातच येतं आणि हंगामातच संपवावं लागतं. जेवणाबरोबर मला फेणीपेक्षा तेच बरं वाटतं. लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिंबाचा सोडा. फेणीचा दर्प माशावर बसतो; उर्राकातला हलका तुरटपणा तळलेल्या बांगड्याचं तेल कापतो आणि पुढचा घास मोकळा होतो.

गंमत अशी की खाडी ओलांडून पेला बदलला तरी ताट बदलत नाही. हरमल-मांद्र्याच्या घरांत वेंगुर्ल्याचीच आमटी, आंबटाला आमसूल, वासाला तिरफळ. कारण पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडेच होतं. खरी सीमा पुढे, चोपड्याचा पूल ओलांडून शिवोलीला. तिथून बार्देश सुरू होतो, १५४३पासून पोर्तुगीज अमलाखालचा. इथल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात आमसुलाच्या जागी माडाच्या सुरेचा व्हिनेगर येतो, बांगड्याच्या पोटात रेशाद मसाला भरला जातो, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गोव्याच्या सॉसेजच्या लालभडक माळा लटकतात. व्हिनेगराच्या या तिखट आंबटाला मात्र उर्राक पुरत नाही. तिथे फेणीच घ्यावी, थोडी, आणि मुक्कामाला पोचल्यावर.

परतीला बाटली बरोबर घ्यायची असेल तर परवान्याची चौकशी आधी करा. बांदा आणि सातार्ड्याच्या बाजूला उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून पाहतात. परवान्याशिवाय आणता येण्यासारखं बरंच आहे: काजूगर, आमसुलं, वाळवलेली तिरफळं. पुढच्या भागात म्हापशाहून दक्षिणेला, साष्टीत, जिथे फेणी काजूची नव्हे तर माडाची असते.