बर्फ गोठतो, जंतू मरत नाहीत

वैशाखाच्या दुपारी घरातील आजारी ज्येष्ठांच्या कोरड्या जिभेवर आपण बर्फाचा छोटा खडा ठेवतो. डायलिसिसमुळे पाण्यावर मर्यादा असलेल्या रुग्णाला त्याचा आधार वाटतो. किरणोपचाराने तोंड सोललेल्याला त्याने दिलासा मिळतो. मात्र हा बर्फ जिथे तयार झाला, ते यंत्र शेवटचे कधी धुतले होते, हे आपल्याला आठवते का?

थंडीने जंतू मरतात, हा आपल्याकडील दृढ समज आहे. वास्तविक, उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ थांबते, परंतु अनेक जंतू जिवंत राहतात. बर्फ वितळताच ते पुन्हा सक्रिय होतात. दूषित बर्फातून अतिसार, विषमज्वर व कावीळ पसरू शकते. तरुण शरीर जे सहज पचवते, ते वार्धक्याने वा औषधांनी क्षीण झालेल्या शरीराला जड जाते.

घरगुती बर्फयंत्रात धोका साचतो तो उरलेल्या पाण्यात. टाकीतील शिळ्या पाण्यामुळे कडेला बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू आश्रय घेतात. पाणी जड असेल, तर क्षारांचा पांढरा थर बसतो व त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर मळ अधिक चिकटतो.

स्वच्छतेचा क्रम

प्रथम यंत्राचा प्लग काढावा. टाकीतील पाणी व जुना बर्फ टाकून द्यावा. सुटे होणारे भाग कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत. टाकीच्या कोपऱ्यांतून मऊ कापड फिरवावे. क्षार असल्यास, यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत विरघळवून ते टाकीत काही वेळ ठेवावे. नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे. क्लोरीनयुक्त द्रावण आणि लिंबूसत किंवा व्हिनेगर कदापि एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. धुतल्यानंतरच्या पहिल्या दोन खेपांचा बर्फ टाकून द्यावा.

रोज वापर असेल, तर आठवड्यातून एकदा हे करावे. यंत्र काही दिवस बंद राहणार असेल, तर ते रिकामे करून झाकण उघडे ठेवून कोरडे होऊ द्यावे. साध्या ट्रेलाही हाच नियम लागू आहे.

बर्फासाठी पिण्यायोग्य, शक्यतो उकळून गार केलेले पाणीच वापरावे. बर्फ हाताने न उचलता स्वच्छ चिमट्याने घ्यावा. द्रवपदार्थांवर मर्यादा असल्यास वितळलेला बर्फही मोजमापात धरावा. गिळण्यास त्रास असल्यास तो देण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सेवेचा खरा कस लहान गोष्टींत लागतो. रुग्णाच्या ओठांशी नेलेला बर्फाचा खडा त्यांपैकीच एक आहे.