थंडीचं सोडा, वाऱ्याचं विचारा

हिवाळ्यात आइसलँडला जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो थंडीचा. कुणीतरी कुठून तरी उणे तीसचा आकडा आणतं आणि त्या आकड्याला साजेशा कोटांची खरेदी सुरू होते. प्रत्यक्षात रेक्याविकचं जानेवारीचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. त्याच महिन्यात लेहला रात्री पारा उणे दहाच्या खाली सहज उतरतो. रेक्याविक 64 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आर्क्टिक वर्तुळ तिथून फार दूर नाही. पण दक्षिणेकडून येणारा उबदार सागरी प्रवाह हा किनारा फारसा गारठू देत नाही.

एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. तापमान शून्याच्या आगेमागे घुटमळतं, हीच तिथली खरी अडचण. कडक थंडीत बर्फ कोरडा राहतो, अंगावरून झटकला की गेला. शून्याला मात्र सकाळी पाऊस, दुपारी हिम आणि संध्याकाळी त्या पावसाचा रस्त्यावर गोठलेला गुळगुळीत थर, असा एकाच दिवसाचा कार्यक्रम असू शकतो. म्हणून जाड कोटापेक्षा पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट जास्त कामाची. आत थर्मल, त्यावर लोकरीचं काहीतरी. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री तर नेऊच नये. ती उघडायची संधी मिळणार नाही आणि मिळालीच तर छत्री हातात राहणार नाही.

मुळात तिथल्या हिवाळ्याचा कारभार थंडीच्या हातात नाही, तो वारा आणि पाणी यांच्या हातात आहे. आइसलँडच्या हवामान खात्याचे वाऱ्याचे आकडे मीटर प्रति सेकंदात असतात. ‘वारा 20’ वाचून आपल्याला काही वाटत नाही. पण तो ताशी 72 किलोमीटर झाला. 28 म्हणजे ताशी शंभर. अशा वाऱ्यात गाडीचं दार निष्काळजीपणे उघडलं तर बिजागरीतून उलटं फिरतं, आणि भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेलं नसतं. खातं पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. नारिंगी इशारा आला की दक्षिण किनाऱ्यावरचे रस्ते चक्क बंद होऊ शकतात. तिथे पर्यटकांची बस असो की दुधाचा टँकर, दोघांना थांबावं लागतं.

‘हिवाळ्यात धबधबे गोठलेले असतात’

हा समज फोटोंनी पसरवला. कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांचा फोटो पाहिला की सगळा धबधबाच थिजला असं वाटतं. मोठे धबधबे मात्र वाहतच असतात. रेक्याविकहून पूर्वेला जाताना आधी सेलयालान्सफॉस लागतो, मग स्कोगाफॉस. दोन्ही साधारण 60 मीटर उंचीचे आणि दोन्ही एकेकाळच्या समुद्रकड्यावरून पडणारे. समुद्र आता काही किलोमीटर मागे सरला आहे. हिवाळ्यातही त्यांचा आवाज दुरून ऐकू येतो.

हिवाळ्यात बदलते ती धबधब्याकडे जाणारी वाट. सेलयालान्सफॉसच्या मागून फिरून जाता येतं, हीच त्याची ख्याती. पण तुषार त्या वाटेवर पडून गोठतात आणि मग ती वाट बंद करतात. तिथे साखळी लावलेली दिसली की आपल्याकडच्या सवयीने ती ओलांडून जाणारे काही कमी नसतात. मार्गदर्शकाचा निम्मा दिवस अशांना परत बोलावण्यात जात असावा. स्कोगाफॉसच्या माथ्यावर नेणाऱ्या सुमारे पाचशे पायऱ्यांवरही बर्फ धरतो. बुटाला ताणून बसवायचे छोटे खिळ्यांचे पट्टे सोबत असले तर चालणं बरंच सोपं होतं.

गुलफॉसची गंमत वेगळी. ह्वीता नदीचा हा धबधबा 11 आणि 21 मीटरच्या दोन टप्प्यांत पडतो आणि त्याला पाणी पुरवते लाँगयोकुल ही हिमनदी. सह्याद्रीत धबधबा पावसाळ्यात फुगतो आणि मार्चमध्ये त्याच्या जागी काळा कातळ उरतो. गुलफॉस फुगतो तो उन्हाळ्यात, कारण तेव्हा हिमनदी वितळते: उन्हाळ्यात सरासरी सेकंदाला 140 घनमीटर, हिवाळ्यात सुमारे 80. म्हणजे हिवाळ्यात पाणी कमी असतं, पण थांबलेलं नसतं. खालच्या कठड्याची वाट मात्र या दिवसांत बंद असते.

सह्याद्रीशी खरं नातं खडकाचं आहे. स्काफ्ताफेलमधल्या स्वार्तीफॉस धबधब्याच्या मागे काळ्या बेसॉल्टचे षटकोनी खांब ओळीने लटकलेले दिसतात. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीची. फक्त तिचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, तर आइसलँडमधला सर्वांत जुना खडक जेमतेम दीड कोटीच्या घरातला. एकाच प्रक्रियेची एक फार म्हातारी आणि एक कोवळी प्रत. रेक्याविकच्या हालग्रिम्सकिर्क्या चर्चच्या दर्शनी भागातही हेच खांब उतरले आहेत.

‘हिमनदी म्हणजे पांढरं, घट्ट, गोठून पडलेलं बर्फ’

पांढरं तर नाहीच. सोल्हेमायोकुलवर पाय ठेवला की आधी दिसते काळी राख, तिचे पट्टे, कुठे कुठे तिचे छोटे शंकू. ही राख ज्वालामुखींची. ही हिमनदी ज्या मिरदल्सयोकुलमधून उतरते, त्या बर्फाखाली कात्ला ज्वालामुखी आहे. बर्फ फोडून बाहेर येणारा त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 सालचा. खालचं बर्फ निळं दिसतं त्याला कुठलंही रंगद्रव्य कारणीभूत नाही. वरच्या भाराने बर्फातले हवेचे बुडबुडे दाबले जातात, प्रकाश आत खोलवर शिरतो, बर्फ त्यातला तांबडा भाग शोषतं आणि निळा परत येतो.

‘घट्ट’ हा शब्दही फसवा आहे. आइसलँडच्या हिमनद्यांचं बर्फ वितळण्याच्या तापमानाच्या अगदी काठावर असतं. त्यामुळे भर हिवाळ्यातही त्यांच्या आत आणि तळाशी पाणी फिरत असतं. 1996 साली वात्नायोकुल या हिमनदीखाली उद्रेक झाला, वितळलेलं पाणी बर्फाखाली साचत गेलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदम सुटलं. सेकंदाला 45 ते 50 हजार घनमीटर! किनाऱ्याच्या मुख्य रस्त्यावरचा एक पूल वाहून गेला, देशातल्या तेव्हाच्या सर्वांत लांब पुलाचा तुकडा पडला. त्याच्या पिळवटलेल्या तुळया स्काफ्ताफेलजवळ रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. बस तिथे थांबते, पण बहुतेक प्रवासी त्या वेळात कॉफी शोधत असतात. वात्नायोकुलचा विस्तार सुमारे 7,700 चौरस किलोमीटर. अशा पसाऱ्याखाली पाणी हललं म्हणजे काय होतं, हे त्या तुळयांइतकं नेमकं कुठलाही माहितीफलक सांगत नाही.

हिमनदी एका जागी पडूनही नसते. ती खाली सरकत असते आणि आता तिचं तोंड मागे हटत आहे. सोल्हेमायोकुल किती हटली, हे 2010 पासून जवळच्या ह्वोल्सवोलुर गावच्या शाळेतली मुलं दर वर्षी मोजतात. तोंडाशी जिथे पूर्वी बर्फ होतं, तिथे आता तळं आहे. हिवाळ्यात त्या तळ्यावर बर्फाची साय येते आणि ते जमिनीसारखं दिसतं. मार्गदर्शक लांबचा वळसा घालून नेतो, तो यासाठी.

‘ट्रेकची सवय आहे, मार्गदर्शक कशाला?’

हरिश्चंद्रगड, कळसूबाई करणारे पाय तिथे उपयोगी पडतात, पण त्यांची सवय आड येते. कातळावर आपण चवड्यावर जोर देऊन चढतो. बुटाला क्रॅम्पॉन बांधले की पाऊल सपाट टाकायचं, सगळे खिळे एकदम बर्फात रुतले पाहिजेत. आणि दोन पायांत अंतर ठेवायचं, नाहीतर एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या पँटीत अडकतात. क्रॅम्पॉनला घोट्यापर्यंत येणारे टणक बूट लागतात. स्पोर्ट्‌स शूज घालून आलेल्याला तिथेच भाड्याने बूट घ्यायला लावतात.

हिवाळ्यात धोका भेगांचा. उन्हाळ्यात भेग उघडी दिसते. हिवाळ्यात वाऱ्याने उडालेलं हिम तिच्यावर पूल बांधतं, आणि तो पूल किती वजन पेलेल हे वरून कळत नाही. गेल्या आठवड्यातली सुरक्षित वाट या आठवड्यात तशी असेलच असं नाही. मार्गदर्शकाला खरे पैसे आपण देतो ते त्याच्या ‘नाही’साठी. वाऱ्यामुळे हिमनदीवरची चाल रद्द झाली की गटात कुरकुर होते, ‘छापील कार्यक्रमात होतं’ असं कुणीतरी म्हणतंच. आइसलँडच्या हिवाळ्यात छापील कार्यक्रम हा अंदाज असतो. एखादा दिवस मोकळा ठेवलेला नसेल, तर ती आखणीच चुकीची.

डिसेंबरबद्दल थोडं गणितही करावं. 21 डिसेंबरच्या सुमाराला रेक्याविकला सूर्य सव्वाअकराच्या पुढे उगवतो आणि साडेतीनला मावळतो. योकुलसारलोन हे हिमखंडांचं सरोवर तिथून सुमारे 370 किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहलीत बहुतेक रस्ता काळोखातच कापला जातो. वाटेवरच्या विक गावात किंवा त्याच्या पुढे मुक्काम केला तर देखावे उजेडात दिसतात. फेब्रुवारीअखेर दिवस जवळजवळ दहा तासांचा होतो आणि हिवाळाही शाबूत असतो. निवड करता येत असेल तर मी फेब्रुवारीच घेईन.

या काळोखाचा एक फायदा म्हणजे अरोरा, आकाशात दिसणारा ध्रुवीय प्रकाश. त्याचा थंडीशी संबंध नाही. तो सुमारे शंभर किलोमीटर वर घडतो. खाली लागतो फक्त काळोख आणि ढग नसलेलं आकाश. कॅमेऱ्यात दिसतो तितका हिरवा डोळ्यांना दिसेलच, असंही नाही.

‘बर्फाची गुहा कधीही पाहता येते, मार्गदर्शक असला की झालं’

या समजाची किंमत एकाने जिवाने चुकवली. 25 ऑगस्ट 2024 ला ब्रेदामेर्कुरयोकुल हिमनदीत मार्गदर्शकासह गेलेल्या गटावर बर्फ कोसळलं. एक अमेरिकन पर्यटक गेला, त्याच्यासोबतची महिला जखमी झाली. आणखी दोघं बर्फाखाली असल्याच्या समजुतीने दुसऱ्या दिवसापर्यंत शोध चालला. शेवटी कळलं, गटात लोक 25 नव्हते, 23 होते. बेपत्ता कुणीच नव्हतं.

गुहा कोरतं ते उन्हाळ्यातलं वितळलेलं पाणी. हिवाळ्यात पाणी ओसरतं, बर्फ टणक होतं, तेव्हा आत जाता येतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च. पुढच्या उन्हाळ्यात ती गुहा ढासळते किंवा बदलते, म्हणून गेल्या वर्षीचा फोटो पाहून यंदाची गुहा मागू नये. कात्लाच्या बाजूला काही गुहांत वर्षभर नेतात, लाँगयोकुलमध्ये 2015 पासून माणसांनी खोदलेला बोगदा आहे; या दोन गोष्टी वेगळ्या आणि नैसर्गिक निळी गुहा वेगळी.

योकुलसारलोनवरची बोट मात्र याच्या उलट, साधारण मे ते ऑक्टोबर. तेव्हा बोटीची फेरी आणि वात्नायोकुलची निळी गुहा दोन्ही एकाच सहलीत लिहिलेल्या दिसल्या, तर पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: कुठली गुहा, आणि तारीख कोणती?