निकालाच्या फलकावर न येणारे आकडे

दहावीचा निकाल लागला की भोर-वेल्ह्यातल्या हायस्कुलांच्या दारात फलक झळकतो: शाळेचा निकाल इतके टक्के, पहिले तीन क्रमांक अमुक. हा आनंद खराच आहे. पण केवळ त्या टक्क्यावरून शाळेची पारख करू नये, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

२०११च्या जनगणनेत भोर शहराची वस्ती अठरा हजारांच्या आसपास होती. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले, तरी शेवटच्या राजांचे नाव राजा रघुनाथराव विद्यालयाने आजही गावात जागते ठेवले आहे. गावातल्या मुलाला शाळा पायी गाठता येते. भाटघरच्या पाण्यापलीकडचे वेळवंड खोरे, हिर्डस मावळ आणि तोरण्याच्या पायथ्याचा वेल्हे तालुका (आता राजगड) यांचे तसे नाही. वेल्ह्याची लोकसंख्या २०११मध्ये ५५ हजारांच्या आत होती. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण एसटीच्या भरवशावर.

मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो. पण पास हातात असला तरी गाडी वेळेवर यावी लागते. दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर घ्यायचे, तर खोऱ्यात जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी बघावे लागते. ज्याला त्या तासांची सर्वांत जास्त गरज, तोच गणित अर्धवट सोडून स्टँडकडे पळतो.

त्यात २००९चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत साथ देतो. शाळेतले दुपारचे जेवणही आठवीलाच थांबते. घरच्या शेतीला हात कमी पडू लागतात आणि अभ्यास अवघड होतो तोही नववीतच. गळती इथे होते.

आता टक्क्याचे बघा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि तो ७७.१० वर आला. २०२०मध्ये ते गुण परत मिळाले आणि निकाल ९५.३० वर गेला. दोन वर्षांत शिकवणे एवढे बिघडले आणि सुधारले, असे कोण म्हणेल?

छोट्या शाळेत तर वीस मुलांपैकी एक नापास झाला की पाच टक्के गेले. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी कच्च्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावण्याचा मोह इथूनच सुरू होतो. मूल बाहेरून बसते, शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. शिवाय शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटावर ठरतात. पट घसरला की पद जाते आणि एकाच शिक्षकाच्या गळ्यात दोन-तीन विषय पडतात.

म्हणून फलकावर आणखी तीन आकडे हवेत: आठवीत किती मुले होती, त्यांतली किती दहावीला बसली, आणि पुढे अकरावीला किंवा आयटीआयला किती गेली. पंचाण्णव टक्के निकाल लावून खोऱ्यातल्या प्रत्येक मुलीला दहावीपर्यंत टिकवणारी शाळा, निवडक मुले बसवून शंभर टक्के मिळवणाऱ्या शाळेपेक्षा मोठी आहे. पालकांनी आणि शाळा समित्यांनी यंदापासून हेच आकडे मागावेत.